चांगुणाबाईंचं परत केलेलं दूध

६ मार्च १९८६
आज परत चांगुणाबाई! दुधात लॅक्टोमीटर सोडला — चोवीस. सव्वीसच्या खाली म्हणजे पाणी घातलंय, पुस्तकातच आहे. दूध परत केलं. तर अख्ख्या रांगेसमोर ओरडली, "आमी प्यायला टँकरची वाट बघतोय. दुधात घालायला पानी कुठलं आनू गं, केशर?"

लोक हसले. माझ्यावर!

पहाटे उठून गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायचं, मग आठच्या एस.टी.नं कॉलेज. वर्गात मुली नाक मुरडतात — दुधाचा वास येतो म्हणे. येऊ दे! चेअरमन नानासाहेबांनी शब्द दिलाय, पंधरा तारखेला वर्ष भरलं की अनुभवाचा दाखला. त्याशिवाय डेअरीच्या प्रयोगशाळेत दारातसुद्धा उभं करत नाहीत. नुसत्या डिग्रीवाल्यांची रांग काय कमी आहे? आणि ही बाई मला खोटं पाडणार?

९ मार्च
चोवीस. परत.

११ मार्च
हद्द झाली! "तुला दाखल्यासाठी चोर पायजे," म्हणाली. तोंडावर! नानासाहेब मात्र खूश. "अशीच कडक ऱ्हा पोरी."

उद्या तिच्या गोठ्यातच जाते. धार काढतानाच पकडते.

१२ मार्च
बादली माझ्याच हातात दिली. "तूच काढ."

बादली उपडी करून बघितली. धार मीच काढली. दूध निवेपर्यंत थांबले.

चोवीस.

म्हशीच्या बरगड्या मोजता येत होत्या. पुढ्यात वाळलेलं पाचट. चांगुणाबाईंनी बादली घेतली आणि मला बसायला पोतं टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

कॉलेजात सरांना विचारलं. "उपाशी जनावराचं दूध पातळच येणार. पुढच्याच पानावर दिलंय की."

ते पान मी उलटलंच नव्हतं. एक वर्ष!

१३ मार्च
नानासाहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "घे उद्यापासनं तिचं दूध. पन गावात बोंबलू नगंस. एकदा चुकलं म्हनलं की समदेच भांडायला येतील."

संताप येतोय. त्यांचा. त्याहून स्वतःचा.

१५ मार्च
दाखला मिळाला. सही, शिक्का, सगळं. परवा सोमवारी मुलाखत.

माझ्या कामाचं एकच उदाहरण दिलंय त्यात — 'सभासद चांगुणाबाई यांची भेसळ पकडली.'