दोन्ही हात स्पीकरवर

प्रिय पप्पा, जयभीम.

आई सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. दुपारी विहारात तुमचं पुण्यानुमोदन आहे. तिथे तुमचा ट्रॅक लावायचा की नाही, हे ती सांगत नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हा पेच तुम्हीच ठेवून गेलात.

ट्रॅक तुमचाच. कॉव्हेंट्रीच्या कार फॅक्टरीतल्या तुमच्या पत्रा दाबायच्या प्रेसचा ठोका तुम्ही किचनच्या टेबलावर वाजवून दाखवलात. धप्प, मग हवेचा फुस्कारा, मग पत्रा सरकल्याची खरखर. मी तो फक्त ड्रम मशीनवर बसवला.

त्याआधी माझ्या टेक्नो संगीताची तुम्ही किती थट्टा केलीत. "गाणं सुरू झालं की कळव," म्हणायचात.

मग एकदा मी सांगितलं की हे संगीत अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. तेही गाड्यांचं शहर, तिथेही कारखाने बंद पडत होते. तिथल्या काळ्या तरुणांनी रेडिओवर जर्मन सिंथेसायझर ऐकले, घरातलं नाचाचं फंक संगीत ऐकलं, कुणाला नको असलेली ड्रम मशीन्स आणली आणि हे घडवलं.

"त्यांचे बाप काय करायचे?"

"काहींचे गाड्याच बनवायचे."

तुम्ही हिअरिंग एड काढून ठेवलंत आणि दोन्ही तळवे स्पीकरवर टेकलेत. प्रेसची दोन बटणं दोन हातांनी एकदमच दाबावी लागत, हात आत राहू नये म्हणून. ती सवय तुमची गेलीच नाही.

"मी गेल्यावर विहारात आपला ट्रॅक लाव," पुढे तुम्ही म्हणालात. मला म्हणालात. आईला का नाही?

काल मी तिला सांगितलं.

"त्या आवाजानं त्यांचे कान नेले," ती म्हणाली. "या घरात मी ओरडून बोलत म्हातारी झाले. आणि तोच आवाज विहारात लावणार?"

म्हणूनच तुम्ही तिला सांगितलं नव्हतंत का?

हे लिहीत असतानाच ती कोट घालून दारात आली.

"वंदना झाली की लाव. मी बाहेर उभी राहीन."

"बाहेर थंडी आहे, आई."

"ठाऊक आहे मला."

पप्पा, ट्रॅक सुरू करून मीही बाहेर जाईन, तिच्याजवळ उभी राहीन. ठोका भिंतीतून येईलच. तिनं तुमच्यासारखा भिंतीला हात टेकला, तर मी दुसरीकडे बघेन. एवढं वचन देते.

तुमची,
शीतल