शोभाताई, बायका पुन्हा बोलायला लागल्या

प्रिय शोभाताई,

तुम्ही गेल्यापासून कितीदा लिहायला बसले, पण नुसतं रडगाणं उतरायचं. तुम्हाला ते आवडलं नसतं. आज मात्र सांगण्यासारखं आहे. आपल्या सीताफळाच्या गराच्या युनिटची मॅनेजर आता मी आहे. तुमची मंगल! हसलात ना?

पहिल्या हंगामात तुम्ही पालीला आलात तेव्हा आम्ही बायका कशा होतो, आठवतं? बहुतेकींनी ऊसतोडीला जाऊन मुकादमाची बोलणी खात उमर काढलेली. तुम्ही रोज सकाळी विचारायचात, कुणाचं काय अडतंय का. आम्ही फरशीकडं बघत उभ्या राहायचो.

मग एकदा कोल्ड रूमचं तापमान तुम्हीच चुकीचं लावलंत आणि गर काळपट पडला. आता हे कुणाच्या माथी येतंय म्हणून आम्ही धास्तावलो होतो. तुम्ही सगळ्यांना बोलावलंत आणि म्हणालात, "हे माझ्या हातून झालं. आधी तुम्हाला विचारलं असतं तर माल वाचला असता."

मॅनेजर बाई स्वतःची चूक अशी भर सभेत सांगते, हे आम्ही कधी पाहिलं होतं का? दुसऱ्याच दिवशी रंजनानं तोंड उघडलं. बिया काढायच्या मशीनचा पट्टा सैल झालाय, म्हणाली. तुम्ही मशीन बंद केलीत, पट्टा बघितलात आणि सगळ्यांसमोर तिचे आभार मानलेत. त्यानंतर आम्ही इतक्या बोलायला लागलो की तुम्हीच कानांवर हात ठेवायचात!

तुमच्यानंतर नवे साहेब आले. वाईट नव्हते हो, ताई. शिकलेले, कामाला चोख. पण धाक असल्याशिवाय काम होत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. रंजनानं मशीन आवाज करतेय असं सांगितलं, तर म्हणाले तूच बिघडवली असशील. तिची त्या दिवसाची हजेरी कापली. सकाळची विचारपूस बंद झाली. बायका पुन्हा फरशीकडं बघायला लागल्या.

आणि व्हायचं तेच झालं. कोल्ड रूमचं दार नीट बसेनासं झालं आणि आतला सगळा गर मऊ पडला. पुण्याच्या आइस्क्रीमवाल्याची गाडी आली, माल बघितला आणि रिकामीच परत गेली. युनिट बंद पडतंय, अशी बोलवा गावात झाली. काही घरांत तर मुकादमाला निरोपही गेले. पोरांची शाळा सोडवून पुन्हा उसाच्या फडात जायचं? तुम्हाला हे बघवलं नसतं.

आपल्या युनिटच्या संचालकांची मीटिंग बसली. अध्यक्ष काकू होत्या, साहेब होते, आम्हा बायकांनाही बोलावलं होतं. कोल्ड रूमकडं कौसल्या असते, तेव्हा तिलाच काढून टाका, असं साहेबांचं म्हणणं. काकूंनी तिला विचारलं, तुला दार दिसलं नव्हतं का? कौसल्या पदर चाळवत उठली. मग म्हणाली, "दिसलं व्हतं, काकू. सकाळीच दिसलं व्हतं. पर रंजनानं सांगितलं तर तिची हजेरी गेली. मी कशापायी सांगू?"

मला तुमची इतकी आठवण आली! पण तुम्ही उठून बोलणार नव्हतात. मग मीच उठले. मी म्हणाले, "कौसल्याला काढून दार दुरुस्त होणार नाही. उद्या दुसरीला दिसेल आणि तीही गप्प बसेल."

साहेबांनी विचारलं, मग शिस्त नकोच का? मी म्हणाले, "शिस्त पाहिजेच. चूक लपवली तर जाब विचारा. सांगितली तर हजेरी कापू नका."

काकूंनी कौसल्याला ठेवून घेतलं. रंजनाची हजेरी परत लावली. थोड्याच दिवसांत साहेबांना दुसरीकडं नोकरी मिळाली. जाताना ते कौसल्याजवळ थांबले आणि म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर मी रागावलोच असतो, हे खरं आहे." त्या माणसाबद्दलचा माझा राग तिथंच गेला. मग काकूंनी युनिट माझ्यावर सोपवलं. आइस्क्रीमवाल्याला मी फोन करून काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. आधी थोडा माल बघू, म्हणाला. तेवढी वाट मोकळी झाली तरी पुष्कळ.

सकाळची विचारपूस मी पुन्हा सुरू केलीय. पहिले काही दिवस सगळ्या गप्पच. मला वाटलं, आपल्याला हे जमायचं नाही. आणि आज रंजना सगळ्यांसमोर म्हणाली, "मंगलताई, तुमी कामाच्या पाळ्या लावल्यात त्या बरोबर न्हाईत. लेकुरवाळ्या बायांना संध्याकाळी लई तारांबळ व्हती." माझे कान तापले बघा! रात्र रात्र डोकं लावून पाळ्या मी बसवल्या होत्या. पण तिचं बरोबर होतं. मी तिलाच समोर बसवलं आणि दोघींनी मिळून पाळ्या बदलल्या.

आता एक राग आहे तुमच्यावर, तो आज बोलतेच. आम्हाला बोलतं केलंत आणि स्वतः का गप्प राहिलात, ताई? पोट धरून बसायचात आणि विचारलं की उन्हाचा त्रास म्हणायचात. हंगाम संपू दे, मग दवाखान्यात जाऊ, म्हणालात. तोवर फार उशीर झाला. कुणासाठी थांबलात? आम्ही सांभाळलं नसतं का चार दिवस? तुमची चूक आम्ही सांगितलेली तुम्हाला चालायची, मग तुमचं दुखणं आम्हाला का नाही सांगितलंत?

म्हणून तुम्हाला शब्द देते. या युनिटमध्ये खरं बोलली म्हणून एकाही बाईची हजेरी जाणार नाही, मी इथं असेपर्यंत. आणि जे तुम्ही केलं नाहीत ते मी करणार आहे. मला झेपेनासं झालं, दुखलंखुपलं, भीती वाटली, तर सकाळी सगळ्यांच्या आधी मीच सांगणार.

तुमचीच,
मंगल