गो.च्या खिडकीले काच

पौष शुद्ध ३, अमरावती

शेटजीच्या नव्या हवेलीवर काचेच्या पेट्या आल्या. खानदेशात रेल जिथवर आली तिथून पुढं बैलगाडीवर. अर्ध्या पेट्यांत नुसता चुरा. शेटजी गाडीवानावर असा बरसला का बैलंही बिचकले. तिकडं अमेरिकेत लढाई, म्हून अठी कापसाले सोन्याचा भाव. काचेभोवती भरायले कोन कापूस देते? भरला पेंढा. मंग काय होईन?

मुंबईहून आलेला काचवाला उस्ताद मात्र हासला. म्हने, "जितना साबूत आया, उसका शुकर करो." खिडक्यांच्या चौकटी माझ्या, काच त्याची. पन मलेही शिकवून राहिला, भला मानूस.

आज पयला हात. हिरकनी ओढली (काच कापायची दांडी, टोकाले हिऱ्याची बारीक कनी). रेघ फिकी वाटली म्हून वरून अजून एकदा ओढली. लाकडावर आमी सुतार तसंच करतो ना! उस्तादानं मनगट धरलं. "सुतारजी, एकच बार! दूसरी बार फिराई तो काच बी गई, हिरकनी बी गई." काच गेलीच. रेघ एकीकडं, तुटली भलतीकडं.

घरी गो.चं दुखनं तसंच. (बायकोचं नाव तोंडानं घेत नाय. अठी कोनी वाचत नाय, तरी पुरं लिहायची लाज वाटते.)

पौष शुद्ध ५

दिवाळीपासून गो.ले ताप अन् खोकला. वैद्यबुवा म्हनते, वारा लागू देऊ नोका. म्हून तिच्या खोलीची खिडकी बंद. उघडली त गारठा, लावली त काळोख. आज भाकर नाय खाल्ली. भितीकडं तोंड करून म्हने, "मले दिवस हाय का रात थेच समजत नाय. जगून राहिली का नाय, थेही."

असं बोलनं तिचं नोहे. गो. म्हंजे भांडनारी बाई. माझ्या करवतीच्या भुशावरून रोज कल्ला करे. आता भुसा घरभर उडते, कोनी काई म्हनत नाय. भेव वाटते बापा.

खिडकीले काच लावली त? उजेड येईन, वारा येनार नाय. हे आज सुचलं! लोकाच्या खिडक्या करता करता हात दुखले अन् अक्कल आता आली.

पौष शुद्ध ७

एक मोठं तावदान कोपऱ्यातून तडकलेलं, फेकायले ठेवलं होतं. शेटजीले मागितलं. वाटलं, खेकसन. पन म्हने, "ने ना बापा, इचारतं काय! बाईले बरं वाटो." गाडीवानावर बरसला तवा त्याले मनात शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या वापस घेतो. देव त्याचं भलं करो.

काच पाहून माय कावली. "तडकलेली काच आजारी मानसाच्या घरात? अरे, बांगडीलेही आमी फुटली म्हनत नाय, वाढली म्हनतो."
"मंग हेही वाढली म्हन."
"लय शहाना हायेस."

आतून गो. हासल्यासारखी वाटली. का खोकलीच असन.

पौष शुद्ध ९

दुपारभर चुऱ्यातल्या तुकड्यांवर हात बसवला. उस्तादानं त्याची जुनी हिरकनी देल्ली. नवीले हात लावू देत नाय. म्हने, ती एका हाताले वळते, दुसऱ्याच्या हातात रुसते. किर्र वाजली त चुकलं. हलकी फुसफुस झाली त साधलं. पाह्यचं कमी, आयकायचं जास्त.

मेजाच्या कडेवर धरून दाबली. टक! सरळ! मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो का गवंडी खाली पाहायले लागले.

पन आपल्या खिडकीची चौकट वरून कमानीची, बापाच्या हातची. आता गोल कसं कापू?

पौष शुद्ध १०

उस्तादानं तडकलेलं तावदान उन्हात फिरवून पाह्यलं. हिरकनीनं गोल कापलं त तडा मधीच घुसन म्हने. माझं तोंड उतरलं. मंग दाढी खाजवून म्हने, "तडे को ही चलाएंगे. जहाँ हम बोलेंगे, वहाँ जाएगा."

तापलेली सळई काचेवर धरली का तडा तिच्या मांगं मांगं येते. खरं वाटत नाय. उद्या घरी येतो म्हनला.

संक्रांत

काम झालं!!

आंगनात फळीवर कोळशानं कमान काढली, वर काच ठेवली. खालची रेघ आरपार दिसते. सळई माय चुलीतून तापवून आनून दे. दोन सळया, एक हातात, एक चुलीत. मी म्हनलं, उस्ताद, तुमीच करा. "घर तुमारा, हात बी तुमाराच." बसला बाजूले.

सळई टेकवली. थोडा वेळ काईच नाय. मंग तडा हलला. खरंच हलला, गोगलगायीवानी. सळई थंडी झाली का थांबे, नवी आली का चाले. आलं कमानीचं वळन. मायनं देवाचं नाव घेतलं, उस्तादानं त्याच्या देवाचं. तडा वळला. रेघेवरून गेला अन् दुसऱ्या कडेले निघाला. नको थे अलग झालं, कमान हातात राहिली. मी रडलो, सांगायले काय लाज.

कडा चिमट्यानं कुरतडून सारख्या केल्या, मंग दगडावर पानी-रेती टाकून घासल्या. उस्तादाले ओसरीच्या वर न घेनारी माय, तिनं आज पाट मांडून त्याले तिळगूळ देल्ला अन् भाकर-ठेचा वाढला.

जाताना म्हने, चौकटीत काचेले जरा ढिली जागा ठेव. मी हो म्हनलो. पन सुताराच्या हातची चौकट ढिली? जीव होईना. घट्टच बसोली. खडू अन् जवसाच्या तेलाचा लगदा लावला.

पौष वद्य २

लगदा सुकेपर्यंत खिडकीची दारं लावून ठेवली होती, आज उघडली अन् उजेड बाजेवर पडला. गो.नं डोळे मिचकावले. मंग माझ्याकडं पाह्यलं.

"काहून हो, मिशीत पांढरं कवा आलं?"

मंग भुशावरून बोलली. खोलीच्या कोपऱ्यात भुसा हाय, दिसत नाय का म्हने! लय आयकवलं. असं गोड कधी लागलं नोतं. आज अर्धी भाकर खाल्ली. दिवाळीपासून अर्धवट राहिलेली गोधडी मागितली, दोन टाके घातले, थकली.

शेटजी, उस्ताद, माय, माझा बाप ज्यानं कमान केली, अन् थो तडाही. सगळ्याइले हात जोडतो.

पौष वद्य ८

उस्ताद अकोल्याले गेला, तठीही हवेलीचं काम. वेशीपर्यंत पोचवायले गेलो.

गो.चा ताप येते-जाते. वैद्यबुवा नाडी धरून म्हनते, चैत्राचं ऊन लागू दे, मंग सांगीन.

पौष वद्य ११

काचेले खालच्या कोपऱ्यातून नवा तडा. बोटाच्या पेराएवढा. जिथं घट्ट ठोकली तिथूनच. सांग्तलं होतं मले! कपाळ बडवून घेतलं. मायले सांग्तलं नाय. अकोल्याच्या कापसाच्या गाडीवानाजवळ उस्तादाले निरोप देल्ला.

माघ शुद्ध ४

गाडीवान वापस आला. निरोप, "कोना ढीला कर. रुका तो रुका." पटाशीनं तो कोपरा सैल केला, श्वास धरून. आता थांबन का चालन, कोनाले ठाव?

काच काढून घेतो म्हनलं, अंगावर पडन. गो. भडकली. "हात लावसान त पाहा! राहू द्या. थो कुठवर जाते, मी पाहीन ना." मायजवळून कुंकू मागून घेतलं, मले तड्याच्या टोकावर ठिपका लावायले लावला. मायले आता समजलं.

माघ शुद्ध ७

सकाळी आंगनात हवेलीची चौकट घासत बसलो होतो. आतून बाज करकरली. पाह्यलं त गो. उभी. भितीले धरून, एक एक पाय टाकत, खिडकीपर्यंत. दिवाळीनंतर पयल्यांदा. मी धावलो, तिनं हातानंच थांबवलं. काचेजवळ नाक नेलं.

"ठिपक्यातच हाय," म्हने. "उद्या पाहू."