‘येवो’च्या जागी ‘आले’

आबा,

उद्या सकाळी मराठी मंडळाची माणसे माझे उत्तर न्यायला येणार आहेत आणि माझ्यापाशी उत्तर नाही. दुपारपासून स्वयंपाकघरात बसून आहे. ब्रेदची पालेभाजी शिजून गार झाली, देवापुढचा दिवा लावायची वेळ जवळ आली, आणि मी अजून त्याच एका शब्दापाशी अडकले आहे. तुम्ही गेलात त्याला एक तप होत आले. एवढ्या काळात मी तुम्हाला काही विचारले नाही. गेलेल्यांना प्रश्न विचारून त्यांची वाट अडवू नये, असे तुम्हीच मला पोथी शिकवताना बजावले होते. आज तो नियम मोडते आहे, कारण विचारावे असे दुसरे कोणी उरलेले नाही.

आपल्या बेटावरचा इंग्रजांचा झेंडा या महिन्यात उतरणार आहे आणि आपला चढणार आहे. राजधानीत, पोर्ट लुईला, त्यानिमित्त मोठा सोहळा आहे आणि प्रत्येक समाजाने आपापले काही सादर करायचे आहे. मराठ्यांच्या वाट्याला थोडा वेळ आला आहे. मंडळाने त्यासाठी निवडला आहे तुमच्या संगीत नाटकाचा शेवटचा प्रवेश. होय, तेच नाटक. तुम्ही ज्याची पदे रचलीत, चाली बांधल्यात, पोशाख शिवलेत, आणि जे तुमच्या डोळ्यांदेखत एकदाही रंगभूमीवर उभे राहिले नाही. हे ऐकून मला किती आनंद व्हायला हवा होता, ते तुम्ही जाणता. काल मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांचा पेटी वाजवणारा तरुण आपल्या ओसरीवर आले, तेव्हा क्षणभर तो झालाही. मग अध्यक्षांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“आजी, एकच शब्द बदलायचा आहे,” ते म्हणाले. “शेवटी बायका ओवाळताना म्हणतात ना, बळीचे राज्य येवो. तिथं ‘येवो’च्या जागी ‘आले’ म्हणायचं. बळीचे राज्य आले.”

“कोणाचं आलं?”

“आपलं. अजून कोणाचं?”

“पोर्ट लुईत परवापरवा शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं घर जाळलं. ते बळीच्या राज्यात, की त्याच्या आधी?”

अध्यक्ष पेल्यात पाहू लागले. पेटीवाला मात्र उत्साहात होता. “आजी, मात्रा बरोबर बसतात. मी वाजवून बघितलं. आणि शेवटी आपण ‘सा’वर येऊ, म्हणजे टाळ्या कुठं वाजवायच्या ते लोकांना कळेल. आता ते मधेच लटकतंय.”

“ते लटकायलाच लावलंय.”

“पण का?”

मी चहाचे पेले गोळा केले. अध्यक्ष उठताना हलक्या आवाजात म्हणाले, “बें, बघा आजी, तुम्ही नाही म्हणालात तर तो वेळ दुसऱ्यांना जाईल. मग हे गाणं पुन्हा कोण म्हणणार? तुमच्यानंतर?” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते मला सहन होत नाही. त्या वेळी तुमच्याकडे शिकलेल्या बायकांपैकी मी आणि माएबूर्गची मावशी, एवढ्याच उरलो आहोत, आणि मावशीला आता पायऱ्या चढतानाही धाप लागते. आजकालच्या मुलींना मराठी समजते, पण त्या उत्तर क्रिओलमध्ये देतात. मंचावर उभे राहायला मिळणार असेल तरच त्या शिकायला येतील. माझ्या ‘नाही’ने ही चाल माझ्याबरोबर चितेवर जाईल. माझ्या ‘हो’ने ती जगेल, पण ती तुमची राहणार नाही.

आपले जुने पत्र्याचे घर मोठ्या वादळाने नेले. तरी डोळे मिटले की मी त्याच घरात असते. सांत्र द फ्लाकच्या बाजारातले दुकान बंद करून तुम्ही संध्याकाळी घरी येता, बैठकात, गावच्या त्या संध्याकाळच्या शाळेत, मुलांना अक्षरे शिकवता, आणि जेवणानंतर चुलीच्या उजेडात शिवणयंत्रापाशी बसता. मी विधवा होऊन तुमच्या घरी परतलेली, पांढऱ्या साडीत भाकऱ्या थापते आहे. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे ते पितळी अंगुस्तान तुम्ही यंत्राच्या कडेवर आपटून ठेका धरता आणि अर्धवट पद माझ्याकडे फेकता. मी ते उचलून गाते. तुमच्या यंत्राच्या पट्ट्याचा खडखडाट, अंगुस्तानाचा टणटण आवाज आणि माझा गळा यांतून ते नाटक उभे राहिले. गावातल्या लोकांना वाटे की शिंप्याच्या घरी रात्रपाळी चालू आहे.

कथा तुम्ही नवी घेतली नव्हती. दानशूर बळीराजा, त्याच्या दारी तीन पावले भूमी मागायला आलेला बटू वामन, दोन पावलांत व्यापलेली पृथ्वी आणि स्वर्ग, आणि तिसऱ्या पावलासाठी बळीने पुढे केलेले स्वतःचे मस्तक. तो पाताळात जातो आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, आपल्या प्रजेला पाहायला वर येतो. घराघरांतल्या बायका त्या दिवशी ओवाळताना त्याचे राज्य मागतात. तुमचा शेवटचा प्रवेश म्हणजे एवढेच होते: अंधाऱ्या रंगमंचावर तबके घेतलेल्या बायका, आणि एक ओळ.

ती ओळ मी पहिल्यांदा गायले तो दिवस आठवतो. तुम्ही दिलेला शेवटचा सूर निषाद होता, ‘सा’च्या एक पायरी अलीकडचा. तिथे थांबणे गळ्याला जमेना. उंबरठ्यावर पाय ठेवून उभे राहावे आणि आत जाऊ नये, तसे होत होते. म्हणून मी आपल्या मनाने षड्जावर, त्या ‘सा’वर, जाऊन थांबले. तुम्ही यंत्र थांबवलेत.

“पोचलीस घरी?”

मी गोंधळले. “चुकलं का, आबा?”

“तू घरी पोचलीस. बळी अजून पाताळात आहे. त्याला तिथं ठेवून तू एकटीच कशी आलीस?”

आई चुलीपाशी हसली होती. “पोरीला श्वास तरी घेऊ द्या.” तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर मी ती ओळ कधी घरी आणली नाही, अगदी कालपर्यंत.

मग इंग्लंडच्या राजघराण्यातली पाहुणी बेटावर येणार असे ठरले. तिच्यापुढे आपले नाटक व्हावे म्हणून गाव हरखून गेले. अर्ज झाला, आणि कचेरीने पदांचा अर्थ विचारायला आपल्याला पोर्ट लुईला बोलावले. आपण दोघे बसने गेलो. तुम्ही स्वतः शिवलेला काळा कोट घातला होता, आणि वाटभर तुम्ही उसाच्या शेतांकडे पाहत होतात. कचेरीत एक गोरा साहेब होता, आणि शेजारी अर्थ सांगायला आपल्यातलाच एक कारकून. कारकुनाने कागद चाळले आणि क्रिओलमध्ये विचारले, “की सा बळी सा? हा बळी कोण? कुठल्या पार्टीचा?”

“पाताळातला राजा आहे,” तुम्ही म्हणालात. “वर्षातनं एक दिवस वर येतो.”

कारकुनाने ते साहेबाला सांगितले. साहेब सभ्य माणूस होता. तो हसला आणि म्हणाला, मग त्या दिवशी त्याला घरीच राहू द्या. नंतर मात्र त्याने गंभीरपणे समजावले. राजघराण्याच्या इतमामाचा प्रश्न आहे, वरून तशी सूचना आहे. राजघराण्यातल्या व्यक्तीसमोर बायकांनी दुसऱ्याच राजाचे राज्य मागणे शोभत नाही. बाकीचे नाटक खुशाल करा, वामन आणा, नाच आणा. त्या ओळीत फक्त बळीऐवजी राणीसाहेबांचे नाव घाला. कारकून पुढे वाकून आपल्या भाषेत म्हणाला, “काका, घाला की. एक नाव तर आहे. पोरींना बक्षीसं मिळतील.”

तुम्ही टोपी मांडीवर ठेवलीत. तो तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो, दुकानात गिऱ्हाईकाला माप सांगावे तसा शांत.

“पाहुणीला आम्ही ओवाळू. घरी आलेल्याला ओवाळायचंच असतं. पण राज्य येवो असं कोणाला म्हणतात? ज्याचं गेलंय त्याला. तुमच्या राणीचं राज्य येवो, असं आमच्या बायका भर सभेत म्हणाल्या, तर तिचं राज्य गेलं असा त्याचा अर्थ होतो. तसं म्हणायचं असेल तर मी आत्ता घालतो नाव.”

कारकुनाचा चेहरा उतरला. त्याने ते भाषांतर केले नाही. तो साहेबाला एवढेच म्हणाला की म्हातारा हट्टी आहे.

नाटक यादीतून गेले. पाहुणी आली त्या दिवशी गाव रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभे होते आणि तुम्ही बळीच्या पोशाखाची शिवण उसवत बसला होतात. त्या पिवळ्या रेशमाचे गावातल्या लेकींना झगे झाले. लोकांनी झगे घेतले आणि बोलायचे ते बोललेच. “एका शब्दापायी आमच्या पोरी राजवाड्याच्या पाहुणीसमोर नाचल्या नाहीत. शिंप्याला कापायचं कळतं, जोडायचं कळत नाही.” तुम्ही ऐकून घेतलेत. पुढच्या ऊसतोडणीपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. जाण्याआधी अंगुस्तान माझ्या हातात दिलेत आणि काही सांगितले नाहीत. मी तेव्हापासून वाट पाहते आहे की तुम्ही काय सांगणार होतात.

आबा, आज मी तुमच्यावर रागावले आहे. एवढे वय झाल्यावर बापावर रागावणे शोभत नाही हे मला कळते. पण तुमचा शत्रू परका होता. तो खुर्चीत बसला होता, त्याने अक्षरावर बोट ठेवले, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणून ताठ मानेने बस पकडलीत. माझ्यासमोर माझ्याच ओसरीवर बसलेली माणसे आहेत. त्यांना मी अक्षरे शिकवली, त्यांच्या बारशांना मी पाळणे म्हटले. त्यांना काही कापायचे नाही. त्यांना मागणे पूर्ण झाले असे म्हणायचे आहे. ज्यांच्या आज्यांनी मालकाच्या शेतात वाकून आयुष्ये काढली, त्यांनी एक दिवस ‘आले’ म्हटले तर त्यांना अडवणारी मी कोण? आणि तुमच्या त्या ‘नाही’ने काय राखले? सूर राखलात, आणि तो कोणी ऐकला नाही. असे राखणे आणि गमावणे यांत फरक काय, हे मी देवाला दिवसभर विचारते आहे. देव बोलत नाही. कथेत तर तो बळीच्या दाराशी पहारेकरी होऊन उभा राहतो. सर्वस्व दिलेल्याला राज्य परत मिळत नाही, दारावर उभा असलेला देव मिळतो. ही कथा मी शेकडो वेळा वाचून दाखवली आहे, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले आहे. आज त्या दारापाशी मीच उभी आहे.

तरीही मला माहीत आहे की ‘आले’ म्हटले की दार बंद होईल. ‘आले’ म्हणून झाल्यावर पुढच्या पाडव्याला बायकांनी काय म्हणायचे? ज्याचे घर जळाले त्याला त्या काय म्हणणार? आणि सोहळ्याच्या दिवशी मंचासमोर पहिल्या रांगेत जे बसतील, त्यांना वाटेल की तबके त्यांच्यासाठी फिरताहेत. तुमच्या साहेबाला राणीचे नाव हवे होते. यांना नावसुद्धा नको आहे. क्रियापद बदलले की नाव आपोआप बदलते. हे तुम्ही असता तर मला एका वाक्यात सांगितले असते. मला इथवर यायला अख्खी दुपार लागली.

म्हणून उद्या मी त्यांना ‘नाही’ म्हणणार आहे. हे लिहिणे सोपे नाही, कारण या ‘नाही’नंतर मुली येणार नाहीत आणि माझा गळा आणखी फार दिवस टिकणार नाही. मी आपल्या दारात बसून जी येईल तिला शिकवीन म्हणते, पण कोणी येईल असे मला वाटत नाही. तुम्हाला तरी तसे वाटले होते का?

हे पत्र कुठे पाठवायचे, हा प्रश्नच नाही. आपल्या गावचा टपालवाला वैकुंठाला जात नाही, पाताळालाही नाही. ते पोथीच्या फडक्यात राहील. आणि ते पाठवता आले असते तरी पाठवले नसते, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. मघाशी घरात कोणी नव्हते. मी अंगुस्तान बोटात घातले, चुलीच्या कडेवर ठेका धरला, आणि एकदा, फक्त एकदा, ‘आले’ म्हणून पाहिले. षड्जावर जाऊन थांबले. मात्रा खरेच बरोबर बसतात, आबा. मी घरी पोचले, आणि मला फार बरे वाटले.