दहा मिनिटं मोकळे हात

प्रिय पिन-यू,

तुझा प्रश्न वाचून चार दिवस झाले. 'आमा शेवटचं काय म्हणाली होती, नीट आठवून सांग ना.' आठवावं लागत नाही गं. हेच तू अकरा वर्षांची असताना तिच्या खाटेशी उभी राहून विचारलं होतंस, आणि मी तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं. ते उत्तर खोटं होतं. काल त्या वर्षीची डायरी काढून पाहिली. तिचा ताप, बाहेरची हवा, तू नेलेला पेरू, सगळं नोंदलेलं आहे. तिचं बोलणं म्हणून मात्र मी तुला सांगितलेलं वाक्यच लिहिलंय, अवतरणचिन्हांत घालून. मी स्वतःच्या वहीतही खोटं लिहिलं, हे कळायला मला आठ वर्षं लागली.

तुझ्या आमाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि मी तिची ऐकू येणारी एकुलती एक मुलगी. म्हणून सहाव्या वर्षापासून तिची दुभाषी. शेतोउ गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात मुकादम मला म्हणायचा, "सांग तुझ्या मुकीला, उद्या उशीर झाला तर घरीच बस म्हणावं." मी तिला हातांनी सांगायचे, साहेब विचारतायत, उद्या जरा लवकर याल का? तिचे हात फटकन उत्तर द्यायचे, "त्याला म्हणावं, आधी तोंड धुऊन ये." आणि मी मुकादमाला सांगायचे, "हो म्हणतेय." दोघंही खूश. ही मला माझी हुशारी वाटायची.

मग तू झालीस. तुलाही ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा घरात एकटी आमाच रडली नाही. तिने तुझ्यापुढे बोटं नाचवली, तू खुदकन हसलीस, आणि ती मला म्हणाली, "रडतेस काय? ही माझ्याशी बोलेल. तुझ्यासारखी काटछाट करून नाही." पावणेदोन वर्षांची असताना ऑपरेशन करून तुझ्या कानात ऐकण्याचं यंत्र, ते इम्प्लांट, बसवलं. महिन्याभराने त्याचा कानामागचा भाग पहिल्यांदा सुरू केला, तेव्हा तू दचकून तिच्याच मांडीत शिरलीस. "झालं का सुरू?" तिने विचारलं. "बिचारी. आता हिलाही तुझी कटकट ऐकावी लागणार."

तुझी ऐकण्याची शिकवणी घेणाऱ्या फांग बाई तुला आठवत असतील. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरून बोलायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "आजींना सांगा, बाळासमोर हात नकोत. डोळ्यांना सोपी वाट मिळाली की कान आळशी होतात." आयुष्यभर सगळ्यांचं बोलणं मऊ करणाऱ्या मी हा निरोप मात्र जसाच्या तसा पोचवला. चार दिवसांनी पाहिलं तर आमाने आपल्या दोन्ही अॅप्रनना खोल खिसे शिवले होते. तू खोलीत आलीस की तिचे हात खिशात. पेरू चिरून तुझ्यापुढे ठेवायची आणि पुन्हा हात खिशात.

यंत्राला मी दोष देत नाही, खरंच नाही. भाताच्या विजेच्या भांड्याचं बटण टक्‌ करून उडालं आणि तू मान वळवलीस, तो दिवस मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. फांग बाई तेव्हा जे म्हणाल्या तेच त्या काळी बरेच जण सांगत. आता म्हणे दोन्ही चालतं. पण मला दोन्ही भाषा येत होत्या. मला कुणी सांगायची गरज का पडावी?

आमाला न्यूमोनिया झाला तेव्हा तिच्या नाकातून नळी घातली होती. ती तिने दोनदा ओढून काढली. मग हातमोजे आले, ते पांढरे, टेबल टेनिसच्या बॅटीसारखे, आत कडक पाटी आणि मनगटाला पट्टा. नर्सने संमतीचा कागद पुढे केला. "सगळ्याच आजी-आजोबांना घालतो हो, चार दिवसांचा प्रश्न." मी सही केली. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की दुसऱ्या कुणाचे नुसते हात अडकले असते, हिचं तोंड बांधलं गेलंय. तरी मी उतरून परत गेले नाही. नळी हवी होती, असं मी स्वतःला समजावलं.

शनिवारी तुला घेऊन गेले. नर्स म्हणाली, "दहा मिनिटं सोडा, पण लक्ष ठेवा." आमाची बोटं सुजून पांढुरकी झाली होती. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी काढणार. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तुझ्याकडे वळली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुझ्याशी हातांनी बोलली, सावकाश, दोनदा तेच. "काय म्हणतेय?" तू विचारलंस. मी म्हटलं, "अभ्यास कर म्हणतेय, पोटभर जेव, आईला त्रास देऊ नकोस." तू जोरजोरात मान हलवलीस. "हो आमा, नक्की!" तिचा चेहरा एकदम सैल पडला. मग तिने आपणहून दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली. "बघ, आमा किती शहाणी," तू म्हणालीस.

परवा तू फोनवर सहज सांगितलंस, आमाच्या त्या हालचाली मला अजून हुबेहूब आठवतात, शनिवारी हातांच्या भाषेच्या वर्गात सरांना करून दाखवणार. तुमच्या सरांना स्वतःलाच ऐकू येत नाही, ते एका नजरेत वाचतील. त्यांच्या आधी मी सांगते. ती म्हणाली होती, "तुझी आई ऐकणार नाही. उद्या तू ये आणि हे पट्टे सोड. नळीला हात लावणार नाही, मला बोलायचंय. येशील?" तू मान हलवलीस ती माझ्या वाक्याला, ते वचन तू दिलं नाहीस, मी तुझ्याकडून देववलं. ती बुधवारी गेली. मधले तीन दिवस मी रोज एकटीच जात होते. दार उघडलं की ती दोन्ही हातमोजे वर उचलायची, आणि आत आलेली मी आहे हे दिसलं की पुन्हा खाली ठेवायची.

तुझीच,
आई