कोऱ्या ठेवलेल्या चार ओळी

बाई,

तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हांला साधा उलट प्रश्न विचारला नाही, आणि तुम्ही जाऊन अकरा वर्षे झाल्यावर आज एकदम लिहायला बसले आहे. कारण निकडीचे आहे. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी तुमची चित्रपटांवरची टिपणे पुस्तकरूपाने काढत आहेत. तुम्ही सांगितलेल्या टिपणांची वही माझ्या अक्षरातली, म्हणून शेवटची मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायला माझ्याकडे आली. आज पाच वाजेपर्यंत ती छापखान्यात परत गेली पाहिजेत. त्यांत एक वाक्य खोटे आहे. ते तुमच्या नावाने छापले जाईल, आणि ते खोटे माझे आहे. सकाळपासून मी त्या पानावर बोट ठेवून बसले आहे. बोट उचलले की वाक्य निसटून जाईल, असे काहीतरी वाटते.

ते दुष्काळाचे वर्ष होते. नळाला आठवड्याने पाणी येई, गल्लीत टँकरचा भोंगा वाजला की शिकवणी सोडून मुली घागरी घेऊन पळत, आणि बीड बायपासच्या पलीकडे कोरड्या शेतांत प्लॉटचे पांढरे दगड रोज थोडे पुढे सरकत होते. निवृत्तीनंतर तुम्ही शनिवारी दुपारी घराच्या पुढच्या खोलीत पडदे ओढून आम्हांला चित्रपट दाखवत होता. युद्धापूर्वी पोलंडमधल्या ज्यू माणसांनी, घरात बोलायच्या यिडिश भाषेत, स्वतःच्याच माणसांसाठी काढलेले ते चित्रपट. तबकड्या तुमच्या भाच्याने परदेशातून पाठवलेल्या. आम्ही आठ-दहा मुली, शाळेतल्या शिपाई मावशी आणि त्यांची मुलगी, एवढाच प्रेक्षक. मधुमेहाने तुमची दृष्टी जवळजवळ गेली होती. पडद्यावर तुम्हांला उजेड आणि सावल्या तेवढ्या दिसत. म्हणून खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये मराठीत मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मी मराठी माध्यमातली. दहावीला पहिली आले तरी चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले की मी कुणाच्या तरी मागे सरके. आदल्या दिवशी येऊन, शब्दकोश मांडीवर घेऊन, मी सगळी वाक्ये वहीत उतरवून ठेवत असे.

एका चित्रपटात लग्नातला एक सोंगाड्या बाकावर चढतो आणि नवरीला गाऊन सांगतो की तुझे बालपण आज संपले, आता रड. तिला रडवणे हेच त्याचे काम. मावशी पदराआड हसत म्हणाल्या, “आगं बया, रडवाया मुद्दाम मानूस आनलाय व्हय? आमच्याकडं करवल्या फुकाट रडवत्यात!” सगळ्या हसल्या. मी मात्र ‘रड’ हा शब्द उच्चारायला धजले नव्हते. ‘थोडे वाईट वाटून घे’ असे वाचले होते. चित्रपट संपल्यावर तुम्ही मला थांबवलेत.

“ती हुंदके देतेय आणि तू म्हणतेस वाईट वाटून घे?”

“बरं दिसलं नाही, बाई.”

“माझे डोळे आता तूच आहेस. डोळ्यांनी दया दाखवायची नसते, बाळ. हे चित्रपट बघायला जी गावं जमायची ती पुढं मारली गेली. आपण त्यांच्याविषयी खोटं बोललो, तर नाही म्हणायला कोण येणार आहे?” मग चाचपडत कपाट उघडून तुम्ही तुमचे पितळी मुठीचे भिंग माझ्या हातात ठेवलेत. “मला याचा उपयोग उरला नाही. नीट बघ.”

आणि तरीही पुढच्याच शनिवारी मी पुन्हा तेच केले.

मावशींच्या मुलीचे लग्न पिशोरला ठरलेले. “टँकर आला की लगीन, नाय आला की फुडली तारीख,” असे मावशी सगळ्यांना सांगत. मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले. ती अगदी पुढे बसली आहे, गुडघे छातीशी घेऊन. पडद्यावर नवरी लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेर एकटी चालत जाते, उभ्या, कोरलेल्या दगडांमधून. एका दगडाला हात लावून बोलते. माझ्या वहीत स्पष्ट लिहिलेले आहे : ‘आई, मंगळवारी माझं लग्न आहे. वाट चुकू नकोस.’ तिथल्या रीतीप्रमाणे ती मेलेल्या आईला कबरीवर जाऊन आमंत्रण देते आहे. आणि मी वाचते, “आजी, मला आशीर्वाद दे.”

“इतके उभे दगड कसले गं?” तुम्ही विचारता.

“देवळाचं आवार आहे, बाई.”

“ज्यूंचं देऊळ. बरं. आणि आजी?”

“बसलीय. सावलीत.”

“मला तर दिसंना बया आजी,” मावशी म्हणतात.

“झाडामागं आहे, मावशी.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही टिपण सांगितलेत : ‘लग्नाआधी वधू देवळात जाऊन वृद्धेचा आशीर्वाद घेते.’ मी तेही सुवाच्य अक्षरात लिहिले. मग तुम्ही म्हणालात, “इथं चार ओळी कोऱ्या ठेव. मागून भरू.” पाऊस लागला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता. त्या ओळी तशाच राहिल्या; मुद्रितातही तेवढी जागा कोरी आहे.

आज सकाळी धीर करून मावशींना फोन लावला. त्या आता पिशोरलाच लेकीजवळ असतात. मी सगळे सांगितले. नवरीच्या कानावर लग्नाआधी कबर-मरण पडू नये म्हणून बदलले, असा खुलासाही केला. मावशी पलीकडे मोठ्यांदा हसल्या.

“येडी का खुळी गं तू? आमी पयली पत्रिका कुनाफुडं ठिवली? देवाफुडं, आन् मंग तिच्या बापाच्या फोटूफुडं. पोरगी म्हनली, दादा, या लग्नाला. मेल्याल्या मानसाला आवतन नाय द्यायचं तर कुनाला द्यायचं? तेवढं वाचलं असतंस तर लई बरं वाटलं असतं तिला.”

फोन ठेवल्यावर माझ्याकडे सबब उरली नाही. बाई, मी त्या मुलीला जपत नव्हते. माझी आई मी सातवीत असताना गेली, हे तुम्हांला शाळेच्या दाखल्यावरून ठाऊक होते. त्यानंतर आमच्या घरात तिला कुणी हाक मारल्यासारखे बोललेच नाही. ‘आई, वाट चुकू नकोस’ हे शब्द दहा माणसांत माझ्या आवाजात निघाले असते, तर पुढची वाक्ये मला वाचता आली नसती. एवढेच कारण होते. तुम्ही ते ओळखले होते का, हे मला या कोऱ्या ओळींवरून कळत नाही, आणि भिंगातूनही दिसत नाही.

खोटे वाक्य मी खोडले आहे. कोऱ्या जागेत लिहिले आहे की वधू आईच्या कबरीवर जाऊन तिला लग्नाचे आमंत्रण देते. आणि पुढे हेही, की बाईंना हे दृश्य चुकीचे वाचून दाखवले गेले होते, ती चूक वाचणारीची. बरोबर चार ओळी झाल्या. हे पत्र वहीतच राहील. मघाशी दार लावून वहीतले नवरीचे ते वाक्य मोठ्याने वाचून पाहिले. पहिल्या शब्दाशीच आवाज गेला.

दुरुस्ती छापखान्याला पाठवली : १४ मे, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटे.