रिंगखालची खाच

मी, हमीद तालिब शिकलगार, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त टूलमेकर, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, चष्मा लावून आणि सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टर हेमा गुर्जर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. फेब्रुवारी २०२३ नंतर माझ्या बुद्धीबद्दल आणि माझ्या हाताबद्दल बऱ्याच लोकांनी न विचारता मते दिली. त्यांच्यासाठी दाखल्याच्या दोन जादा प्रती काढल्या आहेत.

घरात आम्ही दखनी बोलतो. पण माझी शाळा मराठी, कारखाना मराठी, आणि भांडायचे असले की मला मराठीच सुचते. म्हणून हा कागद मराठीत आहे, आणि त्यातले घरचे बोलणेही मी मराठीतच लिहिले आहे.

कलम १. माझे कफन-दफन साधे व्हावे. तो खर्च जाऊन जी शिल्लक राहील तिच्यात माझी पत्नी अमिनाबी आणि एकुलता मुलगा फैझल यांचे हिस्से शरीयतने ठरवून दिलेले आहेत. त्यात मी ढवळाढवळ करीत नाही. राहती सदनिका २०१९ मध्येच नोंदणीकृत बक्षीसपत्राने अमिनाबीच्या नावे केली आहे. तिथे कोणी राहायचे आणि कोणी चपला कुठे काढायच्या हे तीच ठरवील. वारसांखेरीज इतरांना एक-तृतीयांशापर्यंत देता येते, ते मी पुढे देत आहे.

कलम २. स्वयंपाकघरातला वजनकाटा अमिनाबीस परत. सायकलीचे बोल्ट आणि वॉशर मोजण्यासाठी तो मी २०१६ मध्ये दोन दिवसांकरिता घेतला होता.

कलम ३. माझी रोड सायकल, काळी, कार्बनची, मी माझी सून अलिझा फैझल शिकलगार हिला देत आहे. ही सायकल काय आहे ते लिहिणे भाग आहे, नाहीतर कोणीतरी ती जुनी म्हणून भंगारात घालील.

वीस वर्षे मी बावीस किलोची सायकल हाकत कारखान्यात गेलो. निवृत्त झाल्यावर खराडीच्या एका इंजिनिअरकडून हिचा सांगाडा घेतला. त्याने ती दोनदा चालवली आणि परदेशी निघून गेला. बाकीचे सामान मी चार वर्षांत एकेक करून जमवले. दोन्ही चाकांचे स्पोक मी स्वतः ओवले, चाकांचा आउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, स्वतः काढला. जोडून झाली तेव्हा वजन भरले सात किलो दोनशे ग्रॅम. अमिनाबी म्हणाली, एवढी हलकी आहे तर कपड्यांबरोबर दोरीवर टाका. पहिल्यांदा पॅडल मारले तेव्हा मागून कोणी ढकलते आहे असे वाटून मी वळून पाहिले होते. वय तेव्हा त्रेसष्ट.

अलिझा त्याच वर्षी लग्न होऊन घरी आली. तिचे ऑफिस खराडीला, दिवसभर खुर्चीत. एका रविवारी तिने विचारले, अब्बा, मी येऊ का? तिने स्वतःची साधी सायकल घेतली आणि खडकवासल्यापर्यंत माझ्या मागे आली. सहा महिन्यांत मी तिच्या मागे. सून सासऱ्याबरोबर सायकल चालवते याचे सोसायटीत बरेच दिवस नवल चालले. नंतर लोकांना पाण्याच्या टँकरचा विषय मिळाला.

कलम ४. आता जे झाले ते. सायकलींच्या जगात एक रोग आहे, त्याला अपग्रेड म्हणतात. सायकल उत्तम चाललेली असते आणि माणूस रात्रंदिवस तिच्यात उणे शोधत बसतो. मलाही तो झाला. मला बॅटरीवर चालणारे गिअर हवे झाले, आणि सगळ्या तारा आतून जाणारे नवे हँडल. त्यासाठी पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची नळी, म्हणजे जिच्यावर हँडल बसते ती कार्बनची नळी, दोन सेंटिमीटर कापावी लागणार होती. कार्बन कापायची करवत माझ्याकडे नव्हती. तोवर या सायकलीला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. तो मी त्या एकदाच लागू दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्वेनगरातल्या केयूर लोंढे यांच्या दुकानात ती दिली. दुकानाचे नाव लिहून त्यांची जाहिरात करण्याची माझी इच्छा नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी २०२३. अलिझाला नवे गिअर चालवून पाहायचे होते, म्हणून आम्ही सायकली बदलल्या. टेमघरचा घाट ती चढली. उतरताना दुसऱ्या वळणावर ब्रेक लावला आणि चिमट्याची नळी तुटून हँडल तिच्या हातात आले. मी साठ-सत्तर फूट मागे होतो. मी सगळे पाहिले. तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला, गळ्याखालचे हाड मोडले, डावे मनगट गेले. एका टेम्पोवाल्याने आम्हाला खाली आणले. वाटभर तिने माझी करंगळी धरून ठेवली होती, कारण बाकी काही धरता येत नव्हते.

कलम ५. तिसऱ्या दिवशी केयूर लोंढे इस्पितळात आले. सोबत फळांची करंडी आणली. जबडा तारांनी बांधलेल्या मुलीसाठी सफरचंदे. तिचे आईवडील, फैझल, अमिनाबी सगळे उभे असताना ते म्हणाले, "काका, वयानुसार हाताला अंदाज राहत नाही. घरी पाना फिरवलात ना तुम्ही? कार्बनला जास्त आवळलं की असंच होतं."

तेहतीस वर्षे मी साचे केले. माझ्या हाताखालून गेलेला तुकडा तपासणी खात्याने परत पाठवला असे एकदाच झाले, आणि तेव्हाही चूक तपासणी खात्याच्या गेजची निघाली. किती जोर लावायचा ते दाखवणारा टॉर्क पाना माझ्याकडे आहे, आणि मी तर त्या बोल्टला हातही लावला नव्हता. हे मी सांगितले. कोणी ऐकले नाही. म्हातारा माणूस, घरी खाटखूट करणारा, आणि समोर दुकानाचा टी-शर्ट घातलेला तज्ज्ञ. अलिझाच्या वडिलांनी माझ्याकडे पाठ केली. फैझलने घरी येऊन माझी हत्यारे माळ्यावर टाकली आणि म्हणाला, अब्बा, आता बास.

तुटलेला चिमटा लोंढे तपासणीसाठी म्हणून घेऊन गेले. तो परत मिळावा म्हणून मी रजिस्टर पोस्टाने अकरा पत्रे पाठवली. एका पत्राला उत्तर आले, तुकडा कंपनीकडे पाठवला आहे. दुसऱ्याला आले, तो सापडत नाही. बाकी नऊ पत्रे बहुधा अजून वाचून व्हायची आहेत. सोळा महिने माझ्या घरात सगळे माझ्याशी नीट वागत होते, आणि सगळ्यांना खात्री होती की सुनेचा जबडा मी मोडला.

कलम ६. जून २०२४ मध्ये ज्ञानदेव आला. तो लोंढ्यांच्या दुकानात मेकॅनिक होता, नोकरी सोडून त्याने वारज्यात स्वतःचे दुकान टाकले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो चिमटा त्याने टेबलावर ठेवला. भंगारात टाक असे त्याला सांगण्यात आले होते. त्याने टाकला नाही, आणि टाकला नाही हे सांगण्याचे धाडस व्हायला सोळा महिने लागले. त्याबद्दल मी त्याला जे बोलायचे ते त्याच वेळी बोललो. त्याने ऐकून घेतले.

त्याने सांगितले ते असे. नळी कापताना लोंढ्यांनी स्वतः करवत धरली होती. खूण चुकली. दोन सेंटिमीटर खाली कापायला लागले, चूक लक्षात आली, करवत उचलली आणि वर योग्य जागी कापले. पण खाली खाच पडली ती पडलीच. ज्ञानदेव म्हणाला होता, शेठ, नवा चिमटा मागवू. उत्तर मिळाले, "रिंगखाली कुणाला दिसतंय?" हँडलखाली नळीवर ज्या रिंगा बसतात त्यांच्यातली एक बरोबर त्या खाचेवर बसवून सायकल माझ्या हवाली केली. नळी मोडली ती त्याच खाचेवर. मी व्हर्नियरने मोजली. खोली शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर. कोणत्याही पान्याने, कितीही म्हाताऱ्या हाताने, करवतीची खाच पडत नाही.

फैझलला दाखवली. त्याने मोबाइलवरून मान वर केली आणि म्हणाला, ठीक आहे ना अब्बा, जुनं झालं आता.

अलिझाने तो तुकडा हातात घेतला, बराच वेळ पाहिला, पिशवीत टाकला आणि शनिवारी दुकानात गिऱ्हाईक भरलेले असताना लोंढ्यांच्या काउंटरवर ठेवला. मी दाराशी उभा होतो. ती म्हणाली, "अब्बांची माफी मागा. माझी नंतर मागा." लोंढे म्हणाले, बसा ना, चहा घेणार का? त्यांनी माफी मागितली नाही. आजपर्यंत मागितलेली नाही. तुकडा आम्ही परत घेऊन आलो.

कलम ७. माझी सर्व हत्यारे, टॉर्क पान्यासह, ज्ञानदेवला. व्हर्नियर त्याने कोणाला उसना देऊ नये. तुटलेला चिमटाही त्यालाच. तो त्याने दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर टांगावा आणि खाली लिहावे: ही खाच रिंगखाली होती.

कलम ८. केयूर लोंढे यांना काहीही नाही. त्यांनी माझ्या जनाज्याला येऊ नये. आमच्या सायकल ग्रुपवर माझा फोटो टाकून त्याखाली हात जोडलेली चित्रे लावू नयेत, आणि माझ्या नावाने कोणतीही राइड काढू नये. काढलीच तर पाण्याची सोय त्यांनी करू नये.

कलम ९. फैझलला त्याच्या हिश्शाव्यतिरिक्त माझे भिंग. वारसाला जादा द्यायचे तर दुसऱ्या वारसाची संमती लागते; अमिनाबीची हरकत नाही, विचारले आहे. ज्ञानदेवच्या दुकानात जाऊन त्याने तो तुकडा एकदा भिंगाखाली पाहावा. जुने झाले असेल, पण दिसते अजून स्पष्ट.

कलम १०. हे कलम अलिझाला एकटीला वाचायला द्यावे, आणि सायकल घ्यायची की नाही हे तिने त्यानंतर ठरवावे.

अपघाताच्या आधीच्या शुक्रवारी मी वारज्याच्या पुलावर चढाला उभा राहून पॅडल मारत होतो. पुढून कट् असा आवाज आला. दोनदा आला. मला वाटले ग्रीस सुकले असेल, रविवारी परत आल्यावर उघडून पाहू. कारखान्यात नव्या पोरांना मी तेहतीस वर्षे एकच गोष्ट शिकवली, अनोळखी आवाज आला की आधी मशीन बंद करा. आणि रविवारी मी ती सायकल तुझ्या हातात दिली. लोंढे खोटे बोलले. पण मी निर्दोष आहे असे जे अकरा पत्रांत लिहिले, ते पूर्ण खरे नव्हते. हे मी कोणालाही सांगितलेले नाही. अमिनाबीलाही नाही.

कलम ११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अमिनाबीने करावी. आजवर माझी सगळी कामे तिने माझ्या पद्धतीने नाही, पण नीट केली आहेत.

सही करण्यापूर्वीची नोंद. वरील मजकूर काल लिहून झाला. साक्षीसाठी शेजारी श्रीधर केळुसकर यांना बोलावले होते. त्यांची नोकरी कोर्टात कारकुनीत गेली, त्यामुळे सही करण्याआधी ते सगळे वाचतात. दहावे कलम वाचून त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "हमीदभाई, ही मालमत्ता नाही. ही मेल्यावर वाटता येत नाही. ती मुलगी खाली पार्किंगमध्ये आहे, जाऊन सांगा." एवढे बोलून ते चहाला थांबले नाहीत.

आज सकाळी मी अलिझाला गॅलरीत बोलावले आणि सांगितले. शुक्रवारचा आवाज, पूल, ग्रीस, सगळे. ती कठड्याला टेकून उभी होती. हनुवटीवरचा टाक्यांचा व्रण अजून दिसतो. ती म्हणाली, "मलाही ऐकू आला होता, अब्बा. त्या रविवारी घाटाच्या चढावर, तीन वेळा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला तिथंच थांबवलं असतं. आणि मला उतार हवा होता."

पावणेतीन वर्षे एकाच घरात, एकाच टेबलावर आम्ही दोघे जेवत होतो.

नंतर तिने विचारले की सायकलीला आता नवा चिमटा कसला बसवला आहे. मी सांगितले, धातूचा, दोनशे ग्रॅम जड. ती म्हणाली, चालेल.

म्हणून दहावे कलम मी खोडत नाही, कारण ते खरे आहे. आवाज दोघांनी ऐकला म्हणून खाच कमी खोल होत नाही. ती शून्य पूर्णांक सहाच आहे, आणि कलम आठ जसेच्या तसे कायम आहे.

ठिकाण: वारजे, पुणे
दिनांक: रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: हमीद तालिब शिकलगार (सही)

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली:
१. श्रीधर केळुसकर (सही). नोंदीसह सर्व वाचले. शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या.
२. डॉ. हेमा गुर्जर (सही). रक्तदाब सहीच्या वेळी मोजला. कलम आठ वाचताना वाढलेला होता, बाकी ठीक.